बटणाचा बिगुल
"बिगुलाची तोटी कुठंय?" गॉर्डीनं विचारलं.

"काखेत."

"शाब्बास. गार तोटी ओठाला चिकटली तर अर्धा ओठ मढ्याबरोबर पुरावा लागतो. व्हर्लिन सांगायचा."

"मलाही सांगायचे. दर वेळी तेच," थीया म्हणाली आणि गॉर्डीच्या पिकअपमधून खाली उतरली. दफनभूमीतलं बर्फ पायाखाली करकरलं. पारा शून्याच्या खाली कुठंतरी गाडून घेऊन बसला होता.

थीया सतरा वर्षांची होती आणि हा तिचा चव्वेचाळिसावा दफनविधी. माजी सैनिक गेला की कबरीशी बिगुलावर चोवीस सूर वाजवायचे असतात. पण वाजवता येणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. म्हणून बहुतेक गावांत बटणाचा बिगुल चालतो. बिगुलाच्या रुंद तोंडात ते सूर आधीच मुद्रित केलेली, बॅटरीवर चालणारी एक डबी बसवलेली असते. बटण दाबायचं, बिगुल ओठांना लावायचा, गाल फुगवायचे. बाकीचं डबी बघून घेते. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. थीया शाळेच्या बँडमध्ये वाजवायची, म्हणून इथंही फुकट वाजवायला यायची. आज तिचा रसायनशास्त्राचा तास बुडाला होता.

आजचा मुडदा म्हणजे व्हर्लिन टेस्मर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, व्हिएतनामच्या लढाईतून परतलेला. आधीच्या त्रेचाळीस वेळा थीयाला घरून नेणारा आणि घरी सोडणारा तोच.

आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या बाबांच्या कबरीशी बटणाचा बिगुल धरून उभा होता तोही हाच.

बाबा इराकच्या लढाईतून आले आणि पुढं बारा वर्षं दुधाचा टँकर चालवून एका सकाळी हृदय बंद पडून गेले. फेब्रुवारी होता. व्हर्लिननं बटण दाबलं, सतरा सूर नीट वाजले. अठरावा सगळ्यांत उंच, आणि नेमका तोच आला नाही. थंडीमुळं बॅटरीनं मान टाकली होती. तरी व्हर्लिननं बिगुल खाली घेतला नाही. उरलेल्या सात सुरांना जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ तो गाल फुगवून तसाच उभा राहिला. लोक आपापल्या बुटांकडं बघत होते. पंधरा वर्षांच्या थीयाला वाटलं, काय निर्लज्ज म्हातारा आहे. आता कुणाला फसवतोय?

त्याबद्दल त्यानं कधी माफी मागितली नाही. तिनं महिन्याभरानं माजी सैनिकांच्या हॉलवर फोन केला, मला वाजवता येतं म्हणून. तेव्हा पिकअप घेऊन तोच दारात आला. वाटेत हरणांबद्दल बोलला, दुधाच्या भावाबद्दल बोलला. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. आणि ती वाजवायला उभी राहिली की तिच्या मागं पाइनच्या झाडाखाली बटणाचा बिगुल हातात धरून उभा राहायचा. आपल्यावर भरवसा नाही याचा, असं तिला वाटायचं आणि ती आतून जळायची. दहाएक दफनं झाली आणि ते जळणंही थांबलं. वाजवायचं, कुणाची तरी बायको रडायची, हॉलमध्ये हॅमचं सँडविच खायचं, घरी येऊन गृहपाठ करायचा. "तुला काहीच वाटत नाही का गं?" आईनं एकदा विचारलं होतं. "नाही," थीया म्हणाली होती, आणि ते खरं होतं.

मिसेस टेस्मर बर्फातून सावकाश चालत आल्या. त्यांनी कापडी पिशवीतून बटणाचा बिगुल काढून थीयाच्या हातात दिला.

"नव्या बॅटऱ्या घातल्यात. आज तुझ्या मागं उभं राहायला कुणी नाही, तेव्हा हा तरी असू दे."

"नव्या?"

"दर वेळी नव्याच घालायचा तो. तू वाजवणार हे माहीत असून. काम झालं की काढून खिशात टाकायचा नि मला आणून द्यायचा. दोन वर्षांत मी एक बॅटरी विकत आणली नाही बघ. टीव्हीचा रिमोट, घड्याळ, नातवाची आगगाडी, सगळं तुझ्या मढ्यांवर चालतंय." त्या हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या.

"मला वाटायचं, माझ्यावर त्यांचा भरवसा नाही."

"तुझ्यावर होता की. स्वतःवर नव्हता. तुझ्या बाबांच्या दिवशी घरी आला तो जेवला नाही. गॅरेजमध्ये जाऊन बसला. सात सूर राहिले, एवढंच म्हणाला."

"मग उभे का राहिले तसेच?"

"मीही विचारलं. तर म्हणे, मधेच खाली कसा ठेवू? त्या माणसाचं पुरं नव्हतं झालं."

 थीयानं तो बिगुल नेऊन पाइनच्या मोडक्या फांदीला अडकवला. झाडाखालचं बर्फ कोरं होतं.

गॉर्डीच्या तुकडीतल्या म्हाताऱ्या माजी सैनिकांनी मानवंदनेला तीनदा बंदुका झाडल्या. थीयानं काखेतली तोटी काढून आपल्या बिगुलाला बसवली आणि वाजवायला लागली. सतराव्या सुरानंतर तिचा श्वास अडला. थंडीनं नाही, ओठानंही नाही. ती थांबली. सहा म्हातारे सलाम ठोकून उभे होते, कुणी बुटांकडं बघितलं नाही. आपण मागं कान देऊन उभे आहोत, हे तिच्या ध्यानात आलं. मागं बटण दाबणारं कुणी नव्हतं.

मग तिनं अठरावा सूर लावला. बारीक आला, किंचित फाटका आला, पण आला. पुढचे सहा तिनं नीट वाजवले.

डोळे कोरडेच होते. गॉर्डी म्हणाला, "छान झालं, पोरी," आणि तिनं मान हलवली. मग पाइनपाशी जाऊन तिनं तो दुसरा बिगुल खाली घेतला आणि दोन्ही बॅटऱ्या काढल्या. बोटांना चटका बसेल इतक्या गार होत्या.

मिसेस टेस्मर खुर्चीवरून उठल्या होत्या. शवपेटीवरचा, आता तिकोनी घडी घातलेला झेंडा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"रिमोटला," थीया म्हणाली.

त्यांनी बॅटऱ्यांकडं पाहिलं. "खिशात टाक गं. माझे हात भरलेत."

थीयानं त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला. आत आणखी एक जोडी होती, या दगा देतील म्हणून आणलेली, पाकीटही न फोडलेली.