कशाचे चार टक्के?

मी बरणीवरचा कागद बोलतोय. लेबल म्हणा हवं तर. आतल्या चटणीचा वास सगळे घेतात, मला मात्र कुणी धड वाचत नाही. ज्या एका माणसाने मन लावून वाचलं, त्याच्याच जिवावर मी उठलो. म्हणून आज तोंड उघडतोय.

बेंगळुराजवळ होसकोटेच्या एका लहानशा छापखान्यात आम्ही साठ भावंडं छापली गेलो. वर ठळक नाव, 'अप्पासाहेबांची पुडी'. पुडी म्हणजे इडलीबरोबर तेलात कालवून खायची डाळीची चटणी. बेंगळुरात तिला दुसरं नाव नाही. खाली बारीक चौकट. एका वेळचं प्रमाण पाच ग्रॅम, त्यात सोडियम दोनशे मिलिग्रॅम, आणि त्यापुढे हिरव्या शाईत मोठ्ठं: दिवसभराच्या मर्यादेच्या फक्त ४ टक्के. काय तोरा होता मला त्या चारचा!

तो आकडा संयोगिताने काढला होता. के. आर. पुरमला राहणाऱ्या अप्पासाहेबांची ही सून. गेल्या वर्षी अप्पांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली: दिवसभरात मीठ पाच ग्रॅमच्या आत. ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलेली होती. पण अप्पा पुडीशिवाय घास उचलत नसत. ताट सरकवून बसायचे, लहान मुलासारखे. शेवटी संयोगिताने कमी मिठाची पुडी केली, प्रयोगशाळेत तपासून घेतली, आणि म्हटलं, अशी घरोघर माणसं असतील, त्यांनाही देऊ.

प्रयोगशाळेच्या कागदावर नुसते मिलिग्रॅम होते, टक्के नव्हते. टक्के काढायचे तर कशाने तरी भागायला हवं. तिने मान वर केली, फ्रिजवरची चिठ्ठी दिसली. पाच ग्रॅम, म्हणजे पाच हजार मिलिग्रॅम. दोनशे भागिले पाच हजार. "अहो, बघा ना, फक्त चार टक्के!" ती नवऱ्याला, यशोवर्धनला ओरडून म्हणाली. दोघांनी ते तीनदा तपासलं. भागाकार तिन्ही वेळा बरोबर आला.

सोमवारी पहिली बरणी अप्पांच्या ताटापाशी आली. तिच्यावर मी. अप्पांनी चष्मा लावला आणि मला वरपासून खालपर्यंत वाचलं. हो, अक्षरन् अक्षर! "चार टक्के? अय्यो, मग काय! स्वल्प घाल गं, बाळ."

आता हा 'स्वल्प' ऐका. इथे रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे दिवसभर स्वल्प म्हणतात, म्हणजे थोडंसं. या घरात मराठी पिढ्यानपिढ्या टिकली, पण 'थोडंसं' कधीच पळालं, 'स्वल्प' राहिलं. आणि अप्पांचं स्वल्प म्हणजे घरातला मोठा चमचा, वर डोंगर केलेला. सकाळी एक, संध्याकाळी एक. "दोनदा घेतलं तरी आठच टक्के," ते बोटांवर मोजत सांगायचे. नाश्त्याला बाकी काही खारट नको म्हणून सकवारबाईंनी, त्यांच्या बायकोने, रसमही अळणी केलं होतं. बिचाऱ्या!

बुधवारी अप्पांनी मोजे काढले तेव्हा घोट्यावर खोल वळ होते. गुरुवारी बूट चढेना. शुक्रवारी देवघरापासून टेबलापर्यंत येताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. गोळ्या वेळेवर, मीठ मोजून, मग अंगात पाणी साठतंय कशानं? संयोगिताने लोणच्याची बरणी वर ठेवली, पापड लपवले, ब्रेडसुद्धा बंद केला. माझ्याकडे मात्र बोट कुणी केलं नाही. माझ्यावर हिरवा चार होता ना! अप्पा धापा टाकत माझं झाकण उघडायचे आणि मी घट्ट बसायचा प्रयत्न करायचो. कागदाच्या हातात झाकण असतं तर!

शनिवारी सकाळी यशोवर्धन बाकीच्या एकोणसाठ बरण्या गाडीत भरून बेळ्ळंदूरला गेला. तिथल्या एका मोठ्या वसाहतीत आठवड्याचा बाजार भरतो. इकडे अप्पा दोन उशांना टेकून बसले होते, तरी म्हणाले, "इडली बेड, नको ती. नुसती पुडी दे, स्वल्प."

सकवारबाईंनी बरणी उचलली आणि तशीच थांबल्या. "संयोगिता, हे चार टक्के कशाचे गं?"

"दिवसभराच्या मिठाच्या मर्यादेचे, आई."

"कुठल्या चमच्यानं? ह्यांच्या?"

 संयोगिताने मसाल्याचा वजनकाटा आणला आणि अप्पांचं स्वल्प त्यावर ठेवलं. वीस ग्रॅम! मी पाच सांगत होतो.

"आणि इथे सोडियम लिहिलंय," सकवारबाई म्हणाल्या. चष्मा नाकावर घसरला होता, बोट माझ्या पोटावर होतं. "चिठ्ठीत तर मीठ आहे. सोडियम म्हणजे मीठच का?"

संयोगिताने प्रयोगशाळेत फोन लावला. स्पीकरवरचा आवाज मी स्वतः ऐकला. "नाही मॅडम. पाच ग्रॅम मिठात सोडियम दोनच ग्रॅम. तुम्ही दोन हजाराने भागायचं होतं. पाच ग्रॅम पुडीचे दहा टक्के होतात."

तिने बोटांनीच हिशेब केला. वीस ग्रॅम म्हणजे आठशे मिलिग्रॅम. दोन हजारांतले आठशे. एका वेळी चाळीस टक्के. दोन वेळा, ऐंशी, आणि दोन्ही जेवणांतलं मीठ त्यावर वेगळं. "देवा, मीच घातलं हो अप्पांना," ती म्हणाली आणि खाली बसली. मग दचकून उठली. "आई, ह्या बरण्या!"

यशोवर्धन फोन उचलेना. एकदा, दोनदा, पाचदा. रिंग रोडवर अडकला असेल का? की पोचला असेल? एकीकडे अप्पांसाठी टॅक्सी बोलावली होती, सकवारबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि संयोगिता बरणी छातीशी धरून येरझाऱ्या घालत होती. 

सातव्यांदा त्याने उचलला.

"अहो, एकही बरणी विकू नका!"

"का? आत्ताच बोहनी झाली की. एक अण्णा आले होते, वडिलांसाठी घेऊन गेले. म्हणाले, चार टक्के, हे बरं आहे."

"कोण होते? नंबर घेतला?"

"नंबर कशाला घेईन?"

त्याने दुकान सोडून गेटपर्यंत धाव घेतली. माईकवरून कन्नडमध्ये, हिंदीत, इंग्रजीत सांगितलं, वसाहतीच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत तिथेच उभा राहिला. कुणी आलं नाही.

अप्पा वाचले. दवाखान्यात चार दिवस काढून घरी आले, घोटे उतरले. अठ्ठावन्न भावंडं संयोगिताने गरम पाण्यात घालून सोलून काढली. प्रत्येक सोलताना तिचे ओठ हलायचे, बहुतेक ती बरण्या मोजत असावी. मला तेवढं ठेवलंय. फ्रिजवर, चिठ्ठीशेजारी, लाल पेनाने चार खोडलेला. खाली अप्पांनी स्वतः लिहिलंय: स्वल्प म्हणजे पाच ग्रॅम. ते आता लहान चमच्याने पुडी घेतात, तीही आठवड्यातून एकदा, आणि घेताना माझ्याकडे रागाने बघतात. बघू देत. मला चालतं.

पण माझं एक भावंड अजून बाहेर आहे. कुणाच्या तरी टेबलावर, कुणाच्या तरी म्हाताऱ्या वडिलांसमोर, हिरवा चार छातीवर घेऊन ताठ उभं. तो आकडा खोटा आहे हे त्याला माहीतच नाही, मलाही नव्हतं. संयोगिता अजून दर शनिवारी बेळ्ळंदूरच्या त्या गेटपाशी जाऊन उभी राहते.

अण्णा, तुम्ही हे ऐकत असाल तर वडिलांचे घोटे बघा. आत्ता. मोजे काढून बघा.