शर्यतीच्या दिवशीचा डबा

कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली होती. टोपी, मोज्यांचे दोन जोड, रेनकोट, पाण्याच्या दोन बाटल्या, हातमोजे, उन्हाचं मलम, ओळखपत्र, कानात घालायचा बोळा, डबा. बोळा एकच, कारण दुसऱ्या कानात वायरलेस असायचा. मोटारींच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारची जेवणं आटोपली की बाई पलंगावर पिशवी उघडी ठेवत आणि यादी वरून खाली वाचत एकेक वस्तू आत टाकत. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. यादी पाठ होती, तरी वाचतच. लग्नानंतर पाच वर्षांनी पहिल्यांदा नवऱ्याबरोबर शर्यतीला गेल्या तेव्हा सहलीला निघाल्यासारखी नवी साडी नेसून गेल्या होत्या आणि संध्याकाळी उन्हाने सोललेलं नाक, बधिर कान आणि रिकामं पोट घेऊन परतल्या होत्या. त्याच रात्री ही यादी झाली. पुढे बाई कधी गेल्या नाहीत, यादी मात्र राहिली.

नवरा एरवी लिफ्ट दुरुस्त करायचा. शर्यतीच्या दिवशी तो निशाणवाला. वळणाच्या अलीकडे उभं राहायचं आणि पुढे काही बिघडलं की पिवळं निशाण हलवायचं, म्हणजे मागून येणाऱ्या गाड्या वेग कमी करतात. पैसे नाहीत, एक टोपी मिळते. पण त्या टोपीची ऐट अशी, की ती घातल्यावर तो शेजाऱ्यांशीसुद्धा जरा मान वर करून बोलायचा.

"या वेळी डबा नको," तो दारातून म्हणाला.

बाईंचा हात यादीवरच थांबला. डबा नको म्हणजे काय, तिथलं काही घशाखाली उतरत नाही म्हणून तर तो सुरू झाला, असं त्यांनी ऐकवलं. तो नको म्हणाला, आणि बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे गोळा करू लागला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, या माणसाने कधी दोरीवरचा रुमाल काढला नव्हता. कुठेतरी पाणी मुरतंय, हे बाईंच्या तेव्हाच लक्षात आलं.

गेल्या वर्षीच्या शर्यतीत त्याच वळणावर एक पोरगा गेला. तेवीस वर्षांचा. वळणापलीकडे त्याची गाडी गरकन फिरली आणि रस्त्यात आडवी थांबली. निशाण हललं नाही. मागची गाडी भरवेगात वळण घेऊन आली आणि त्याच्यावर आदळली.

वळणापलीकडचं निशाणवाल्याला दिसत नसे. ते दिसायचं मचाणावरच्या वायरलेसवाल्याला. त्याने बोलायचं आणि निशाणवाल्याने हलवायचं, अशी पद्धत. वायरलेसवाला म्हणाला, मी बोललो, दोनदा बोललो. निशाणवाला म्हणाला, माझ्या कानात काही आलं नाही. यंत्र तपासलं तर ठणठणीत निघालं, पण बोललेलं साठवून ठेवायची सोय त्यात नव्हती. उरला दोघांचा शब्द. चौकशीत इतक्या वर्षांच्या टोपीचं वजन जास्त पडलं आणि खापर वायरलेसवाल्याच्या डोक्यावर फुटलं. तो तिथला पगारी माणूस होता. त्याला घरी बसवलं.

तो दोन गल्ल्या सोडून राहायचा. दोघे पुरुष सख्ख्या भावांसारखे, म्हणून त्यांच्या बायका एकमेकींना थट्टेने जाऊबाई म्हणायच्या. गेल्या वर्षभरात हाक राहिली नव्हती, थट्टा तर नाहीच. कारण बाई गप्प बसल्या नव्हत्या. बाई पडदे शिवायच्या, घरी गिऱ्हाइकं यायची, आणि माप घेता घेता बाईंनी अर्ध्या वस्तीला सांगितलं होतं की वायरलेसवाल्याला मचाणावर डुलक्या घ्यायची सवय आहे. पाहिलं कुणी होतं? बाईंनी तरी कुठे पाहिलं होतं? पण नवऱ्यावर बोट उठायच्या आत दुसऱ्यावर उठवलेलं बरं, एवढा हिशेब त्यांना कळत होता.

आता वायरलेसवाल्याने फेरचौकशी मागितली होती. उद्या सकाळी शर्यतीआधी निशाणवाल्याने मोठ्या साहेबांसमोर लेखी द्यायचं होतं. ऐकू आलं नाही, यावर सही झाली की वायरलेसवाल्याची नोकरी कायमची जाणार होती.

बाईंनी फडताळातून डबा काढला. गरम राहणारा, तीन कप्प्यांचा, गेल्या वर्षी शर्यतीसाठीच घेतलेला. दुकानदाराने झाकणाची फार तारीफ केली होती. त्या शर्यतीनंतर तो वापरला गेला नव्हता. त्यांनी तो पलंगावर ठेवला, आणि कपडे घेऊन आत आलेला नवरा डब्याकडे बघत उभाच राहिला.

"ह्याचं झाकण निघत नव्हतं," तो म्हणाला.

बाईंना वाटलं, चला, एवढंच होतं तर. सैल करून देते, असं म्हणणार तोच तो बोलायला लागला. त्या दिवशी सूप गरम होतं, झाकण गच्च बसलेलं. एका हाताने उघडेना, म्हणून त्याने निशाण गुडघ्यांत धरलं आणि डबा दोन्ही हातांत घेतला. झाकण निघालं आणि नेमका तेव्हाच कानात आवाज आला.

"कसला आवाज?" बाईंनी विचारलं.

"पिवळं निशाण म्हणाला. दोनदा."

"मग?"

"हातात सूप होतं. सांडेल म्हणून आधी खाली ठेवायला गेलो." तो पलंगाच्या कडेवर बसला. "तीन सेकंद. फार तर चार."

बाईंना पहिल्यांदा आठवलं ते सूप. पोटभर असावं म्हणून काठोकाठ भरलेलं. मग आठवली जाऊबाई, भाजीच्या दुकानात आपल्याला बघून टोमॅटो तसेच टाकून निघून गेलेली. आणि मग त्यांना इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणीसुद्धा येईना.

"उद्या सांगून टाका," त्या म्हणाल्या.

सांगून पोरगा परत येणार आहे का, असं तो म्हणाला. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असंही म्हणाला. त्या पोराच्या आईबापाला काय तोंड दाखवू, चार लोक काय म्हणतील, एकोणीस वर्षं मातीत जातील. शेवटी तो म्हणाला की बघतो, सकाळी तिथे गेल्यावर बघतो.

बाईंनी डबा घासून, पुसून, रिकामाच जुन्या पंच्यात गुंडाळला. पंचा सुटू नये म्हणून सुईदोरा घेऊन लाल दोऱ्याचे चार टाके घातले. "हा साहेबांच्या टेबलावर ठेवा," त्या म्हणाल्या, "म्हणजे बोलायला सुरुवात होईल. टाके तोडायला कात्री नको, ओढले की निघतील." तो नाही म्हणाला नाही. डबा पिशवीच्या तळाशी गेला, वर टोपी, मोजे, हातमोजे, बोळा.

रविवारी सबंध दिवस बाईंनी एका पडद्याला दोनदा दुमड घातली आणि दोनदा उसवली. शर्यतीचं मैदान पाच मैलांवर होतं, पण वारा इकडचा असला की गाड्यांचा आवाज घरात यायचा. आज येत होता. आवाज कमी झाला की त्यांची सुई थांबायची, वाढला की पुन्हा चालायची.

तो उजेड असतानाच परतला. चेहरा भाजलेला, टोपी डोक्यावर. सगळं नीट पार पडलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, असं त्याने न विचारताच सांगितलं. गेलं वर्षभर इतका बोलला नव्हता तो. मग म्हणाला की घाम फार आलाय आणि न्हाणीघरात गेला.

बाईंनी पिशवी उघडली. मोज्यांचा एक जोड ओला होता, एक बाटली रिकामी होती. तळाशी पंचा तसाच होता. चारही टाके जागेवर, गाठीसुद्धा त्यांनी मारल्या तशाच.

आत पाण्याचा आवाज चालू होता आणि तो काहीतरी गुणगुणत होता. बाई जरा वेळ पलंगावर बसल्या. हा माणूस वाईट नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि तेच त्यांना सहन होईना. मग त्या उठल्या, डबा पंच्यासकट काखेत घेतला आणि पायांत चपला सरकवल्या. न्हाणीघराचं दार उघडलं. कुठे निघालीस, त्याने विचारलं. मग त्याचं लक्ष काखेतल्या पंच्याकडे गेलं.

"थांब," तो म्हणाला. "अगं, थांब. माझं काय होईल?"

बाई जिना उतरल्या. दोन गल्ल्यांत ओळखीची पाच माणसं भेटली. त्यांतल्या तिघांना डुलक्यांची गोष्ट त्यांनीच सांगितलेली होती. वायरलेसवाल्याच्या दारावर त्यांनी थाप मारली.

दार जाऊबाईने उघडलं. बाईंना बघून ती लगेच दार लावायला लागली. बाईंनी फटीत डबा धरला.

"जाऊबाई," त्या म्हणाल्या, "ह्यांना ऐकू गेलं होतं."