तिरक्या गाड्यांचा फलक

मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. एका अरुंद रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी खांबावर मी उभा असतो. गाड्या कशा लावायच्या, एवढंच लोकांना सांगायचं. मित्रांनो, तुम्हाला हे काम छोटं वाटेल. पण त्यापायी माझ्या जिवाला लागलेला घोर अजून सुटलेला नाही.

मला घडवलं रंगारीकाकांनी. पत्रा घासून, निळा रंग देऊन त्यांनी माझ्यावर तीन पांढऱ्या गाड्या काढल्या. फुटपाथला लागून, एकामागे एक. तशा लावल्या की रस्त्यावर बारा गाड्या मावत. नवशिक्यांना दोन गाड्यांमधल्या फटीत गाडी घालताना घाम फुटे, पण रस्त्यातून ट्रकसुद्धा आरामात निघून जाई.

समोरच्या इमारतीत खाली शिंपीणबाईंचं दुकान आणि वर घर. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. सासूबाईंचे गुडघे गेलेले. दिवसभर खिडकीत बसून वाकड्या लावलेल्या गाड्यांना त्या नावं ठेवत. "अगं, तो बघ! गाडी फुटपाथवर चढवलीय. ह्याला काय जिना चढायचाय?" मला त्यांचा फार आधार वाटे.

पुढे गाड्या वाढल्या. पाहणीला आलेल्या पालिकेच्या साहेबांना शिंपीणबाईंनी गाठलं. "साहेब, गिऱ्हाईक जागा शोधत दोन चकरा मारतं आणि निघून जातं. काहीतरी करा हो."

साहेबांनी नकाशा उलगडला. गाड्या तिरक्या लावल्या तर वीस मावत होत्या. रंगारीकाका ब्रश हातात घेऊन घुटमळले.

"साहेब, गाड्यांची शेपटं रस्त्यात येतील."

"नकाशात बसतंय सगळं."

"नकाशातल्या गाड्यांना डिकी नसते, साहेब."

साहेब हसले, पण चित्र बदललंच. माझ्यावरच्या तिन्ही गाड्या तिरक्या झाल्या. गाडी एका झटक्यात आत जाऊ लागली, दुकानं भरली, येणारेजाणारे माझं कौतुक करू लागले. मला मात्र धड वाटेना. समोरून टेम्पो आला की माझा पत्रा थरथरायचा. आरसे एकमेकांना घासून जात, आणि मी मनात म्हणायचो, सुटला बाबा!

एका दुपारी दुकानातल्या इस्त्रीची वायर पेटली. कापडच ते, भराभर पेट घेतला. शिंपीणबाई कशाबशा बाहेर आल्या, तोवर जिना धुराने भरला होता. "आई! आई वर आहेत!" त्या ओरडत होत्या.

बंब आला, आणि माझ्यापाशीच अडकला.

मित्रांनो, त्या दिवशी कोणीही नियम मोडला नव्हता. प्रत्येक गाडी माझ्यावरच्या चित्राबरहुकूम उभी होती. तरी एका लांब गाडीचं शेपूट पार रस्त्यात आलं होतं. "ही लांब गाडी कुणाची?" बंबाचा चालक हॉर्न वाजवत विचारत होता. कोणीच पुढे येईना. शेवटी जवान शिडी खांद्यावर घेऊन गाड्यांमधून वाट काढत धावले. सासूबाईंना त्यांनी खिडकीतून उतरवलं. त्या वाचल्या. पण धूर इतका वेळ छातीत गेला होता, की त्यांचा आवाज कायमचा बसला.

आठवड्याने शिंपीणबाईंनी साहेबांना त्याच रस्त्यावर आणून उभं केलं. "मागितलं मीच होतं, साहेब. आता मीच सांगते, गिऱ्हाईक कमी आलं तरी चालेल. रस्ता मोकळा द्या."

"त्या रंगाऱ्याचं मी ऐकायला हवं होतं," साहेब एवढंच म्हणाले. माझ्यावरच्या गाड्या पुन्हा एकामागे एक झाल्या.

त्याला बरीच वर्षं झाली. आता माझा रंग उडालाय, अर्ध्या अंगावर झाडाची फांदी आलीय. कोणी वर बघत नाही. तुमच्यातलं कोणी मोठेपणी नकाशे काढणार असेल, तर त्याने आधी रस्त्यावर येऊन उभं राहावं. आणि गाडीतून उतरलात की एकदा मागे वळून बघा, इथून बंब जाईल का?

आत्ताच एक गाडी येऊन थांबलीय. तिरकी. मागचं चाक पार रस्त्यात आहे. मालक दार लावून निघालासुद्धा.

मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते.