ब्रेक नसलेली होडी

माझा उजवा पाय माझं ऐकत नाही. अर्धं आयुष्य मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसून काढलं. आमच्या बाजूला जो जादा ब्रेक असतो ना, तो दाबणं हाच माझा धंदा. आता सिनेमात गाडी वेगात आली तरी पाय खाली जातो. बायको जोरात बोलायला लागली तरी जातो, पण तिथे काही थांबत नाही.

असल्या माणसाला होडीत बसवू नये. पण तलावावरच्या क्लबाला रविवारी मदतनीस हवे होते. ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही किंवा ज्यांचे हात साथ देत नाहीत, अशांना तिथे शिडाची होडी चालवायला शिकवतात. माझी थोरली बहीण लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत. तिने तिथे नाव घातलं, आणि लगेच मी म्हणालो, मग मीही येणार. मला कुणी विचारलं नव्हतं. ताईची खुर्ची मी ढकलायची हे शाळेत असल्यापासून ठरलेलं आहे. ठरवलं मीच.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. हात स्थिर, जीभ तिखट. मला टक्कल पडून जमाना झाला, तरी हाक मारते ‘छोट्या’.

क्लब चालवतात एक निवृत्त नर्सबाई. त्यांना सगळे कप्तानबाई म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा मदतनिसांना दम भरला, “होडीत बसलात की हात मांडीखाली. मागितल्याशिवाय मदत करायची नाही. आणि शेवटच्या रविवारी ज्याला एकट्याने जायचंय, त्याच्या मदतनिसाने मला तोंडाने सांगायचं, की हा तयार आहे.” पुढे होडी थांबवायची कशी तेही त्यांनी दाखवलं म्हणे. मी तेव्हा ताईच्या लाईफ जॅकेटचे पट्टे आवळत होतो.

होडी बुटकी, शेजारी शेजारी दोन सीट्स, बुडाला जड वजन, त्यामुळे उलटायची भीती नाही. धक्क्यावरच्या पाळण्यातून ताईला अलगद खाली सोडत. ती सुकाणूचा दांडा हातात घेई, आणि माझा पाय सुरू होई.

“छोट्या, पाय काय आपटतोस?”

“ब्रेक बघतोय.”

“होडीला ब्रेक नसतो.”

“तेच तर म्हणतोय मी! आणि वळताना मागे बघ. मागून कोण येतंय ते बघायचं असतं.”

“मागून पाणी येतंय.”

जित्याची खोड. माझे हात मांडीखालून कधी निसटत, मला कळतही नसे. ताई ते पुन्हा मांडीखाली ठेवायला लावी.

एकदा घरी परतताना ती म्हणाली, “तलावात पलीकडे ते लाल पिंप तरंगतंय ना, मला एकटीने त्याला वळसा घालून यायचंय. जन्मात मी एकटी कुठे गेलेले नाही रे. बाथरूममध्ये गेले तरी दाराबाहेरून कुणीतरी विचारतं, झालं का? शेवटच्या रविवारी कप्तानबाईंना सांग, ताई तयार आहे.”

“बघू,” मी म्हणालो. माझं ‘बघू’ ऐकून आमच्याकडचे शिकाऊ रडकुंडीला येतात.

खरं सांगतो, मला भीती वाटत होती. ती बुडेल याची नव्हे, ती जाऊन येईल याची. ती एकटी जाऊन येऊ लागली, तर रविवारी मी ढकलू कुणाला?

शेवटच्या रविवारी कप्तानबाईंनी विचारलं, “काय मास्तर, सोडायचं ताईंना एकटं?”

“अजून कच्ची आहे,” मी म्हणालो. “वळताना मागे बघत नाही.”

ताई चिडली नाही, जॅकेटचे पट्टे तिने स्वतःच आवळले. ती चिडते तेव्हा बरं असतं. आम्ही दोघं निघालो, आणि तलावाच्या मध्यापर्यंत ती माझ्याकडे न बघता होडी चालवत राहिली. मला राहवेना. एवढ्यात तिच्या पाठीमागची उशी सरकलेली दिसली.

“उशी नीट करतो.”

“राहू दे.”

“पाठ दुखेल तुझी.”

“छोट्या, खाली बस! वळतेय मी, डोकं सांभाळ!”

मी उशीसाठी उभा होतो. शिडाखालचा आडवा दांडा फिरला, माझ्या खांद्यावर बसला, आणि मी पाण्यात.

पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणणारे सगळे काठावर उभे असतात. माझं जॅकेट कानांपर्यंत चढलं होतं आणि उजवा पाय पाण्यात ब्रेक दाबत होता. ताई ओरडली, “आलेच हं!” गॅसवर दूध ठेवलेली बाई बोलते तसं. आणि गेली पलीकडे. लाल पिंपाकडे.

मी चिडलो, का नाही चिडणार? पण शेजारची सीट रिकामी, पाठ ताठ, अशी ताई मी कधी पाहिली नव्हती. तिने पिंपाला असा सुबक वळसा घातला, की माझ्या तोंडून “शाब्बास!” निघालं आणि पेलाभर तलाव आत गेला.

तोवर कप्तानबाई मोटारबोट घेऊन माझ्यापाशी पोचल्या होत्या. लांबूनच ताई गरजली, “हात लावू नका त्याला! माझा माणूस आहे, मीच आणणार!”

कप्तानबाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी इंजिन बंद केलं आणि हात मांडीखाली घेऊन बसल्या.

ताईने होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं. शीड फडफडलं आणि होडी माझ्या नाकासमोर येऊन थांबली.

“हा बघ तुझा ब्रेक. पहिल्या दिवशी शिकवला होता. तू माझे पट्टे आवळत होतास.”

माझं वजन तिला वर ओढवेना, म्हणून तिने दोरी फेकली. “धर. सोडू नकोस. तोंड मिट.” आणि मला मागे बांधल्यासारखं ओढत निघाली. “दमलास का? थंडी वाजतेय का? पाय दुखतोय का? थंडी वाजतेय का?”

“ताई, मी ठीक आहे!” शेवटी मी खेकसलो. “जरा गप्प येऊ देशील का मला?”

ती इतकी हसली, की होडी वाकडी गेली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी दोरी घट्ट धरली.

धक्क्यावर सगळा क्लब जमला होता. दोघांनी धरून मला वर घेतलं. न दिसणारे एक आजोबा शेजारच्याला विचारत होते, “केवढा लागलाय गळाला? खायचा आहे का?”

कप्तानबाई आल्या. “काय मास्तर, आता?”

माझ्या कपड्यांतून तलाव गळत होता. “तयार आहे,” मी म्हणालो. “जाऊ द्या एकटीला.” आणि तोंडाला सवय म्हणून पुढे बोललोच, “फक्त मागे बघत नाही.”

“येताना सगळा वेळ मागेच बघत होते की,” खाली होडीतून ताई म्हणाली. “दोरीला तू होतास. आता सोड.”

मी हाताकडे पाहिलं. दोरी अजून माझ्याच मुठीत होती. सोडली.