अकरा ते एक

"आता रस्त्याच्या हरकती. कोण बोलणार?" अभियंत्यांनी विचारलं. वॉर्ड कार्यालयाच्या सभागृहात मागच्या रांगेतून पंधरा-वीस बायका एकदम उठल्या. त्यांत पायलची आई, गोजरबाई, होती.

पायल पुढच्या रांगेत होती, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र. तिच्या संख्याशास्त्राच्या वर्गाने शहरातल्या रस्त्यांची पाहणी केली होती. हरकती संपल्या की विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रं मिळणार होती. आई इथे येईल हे तिला माहीत नव्हतं.

"सायेब, डिवायडरमधली वाट बुजवली तुमी," गोजरबाई म्हणाली. "आमी रोज विड्या घिऊन पलीकडं कारखान्यात जातो. आता पार शिग्नलला वळसा. डोक्यावर टोपली आसती. ही सुगराबी वरनं चढाय गेली आन् मनगट मोडून घेतलं."

सुगराबीने प्लास्टरचा हात वर केला. "चढना तो हुआ सायब, उतरायचं जमलं नाय."

मागे हशा झाला. अभियंतेही हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी फाइल उघडली. "मावशी, आम्ही मनानं नाही बंद केलं. तिथं अपघात होत होते. वाट ठेवायची तर ओलांडणारे किती, ते बघावं लागतं. विद्यापीठाच्या मुलींनी तीन दिवस उभं राहून मोजलंय. तासाला नऊ माणसं."

"नऊ?" सुगराबी म्हणाली. "एका आमच्या बोळातल्याच तीस जातो! कुणी मोजलं?"

"या काय, समोरच बसल्यात."

तो रस्ता पायलला मिळाला तो ती तिथे जवळ राहते म्हणून. वेळ तुम्हीच ठरवा, असं सर म्हणाले होते. जोडीला इफ्रा होती. इफ्राची आई शाळेत शिकवायची. आपली आई घरीच असते, एवढंच पायलने तिला सांगितलं होतं. "सकाळी नको का मोजायला?" इफ्राने विचारलं होतं. "सकाळी तिथं कोणी नसतं," पायल म्हणाली होती. सकाळी आठला तिथून आई जायची. मग त्या दोघी तीन दिवस अकरा ते एक उभ्या राहिल्या. प्रत्येक माणसामागे एक रेघ. आकडा खरा होता, एकही रेघ कमी-जास्त नव्हती. वेळ तेवढी तिने निवडली होती.

सुगराबी वाकून पुढच्या रांगेकडे बघत होती. "अगे, ये तो अपनी..."

गोजरबाईने तिचा धड हात घट्ट दाबला. पायलकडे तिने अगदी अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"मोजलं आसंल पोरींनी," ती म्हणाली. "शिकलेल्या हायती, खोटं कशाला लिवतील? किती वाजता मोजलं, सायेब?"

"अकरा ते एक."

"मग बराबर हाय की. आमी आटला जातो."

"तर मग अर्ज द्या," अभियंते म्हणाले. "आठची मोजणी कुणी आणून दिली तर फेरविचार करू. नाहीतर पुढच्या वर्षीच्या पाहणीत बघू."

इफ्रा हळूच म्हणाली, "तू तर म्हणालीस, सकाळी कोणी नसतं."

उठून दोन वाक्यं बोलायची होती. पायल ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. तिचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

संध्याकाळी आई कात्रीने पानं कापत बसली होती. घरात नेहमीचा तंबाखूचा वास होता. पायल दारातच थांबली.

"आई, मी..."

"ताट वाढून ठिवलंय." आईने मान वर केली नाही. "तुज्या मैतरणी हुत्या म्हून म्या वळख दिली न्हाई. तुला आवडत न्हाई ते."

"तुला कधी कळलं?"

"अकरावीपास्नं. कालिजच्या फाटकापाशी आले, की तू वाटच बदलायचीस. जेव, गार हुतंय."

दुसऱ्या दिवशी पावणेआठला पायल बंद झालेल्या वाटेपाशी उभी होती, हातात कोरा तक्ता. तिने फोन करून बोलावलेली इफ्राही आली होती. आठला पाच मिनिटं असताना बोळातून टोपल्या बाहेर पडल्या. पहिली, दुसरी. सुगराबी काखेत टोपली धरून. चौथी. मग गोजरबाई. मुलीच्या शेजारी दुसरी मुलगी बघून तिने पदर पुढे ओढला, मान खाली घातली आणि हाताच्या अंतरावरून निघून गेली.

पायलने चार उभ्या रेघांवरून पाचवी आडवी ओढली. पेन कागदावरून उचललं नाही.

"ही माझी आई," ती म्हणाली.

इफ्राने वळून पाहिलं. गोजरबाई तोवर पुढे गेली होती. एका हाताने डोक्यावरची टोपली सावरत ती दुभाजकाच्या कडेकडेने सिग्नलकडे चालली होती.