लढाईभाडं

हरिबाच्या घरात त्या दिवशी सकाळी भांडण पेटलं ते गुळावरनं! साधा गूळ हो! चहाचा पहिला घोट घेतला आणि हरिबानं कप असा आपटला की बशी फुटता फुटता राहिली.

"ह्यात गूळ घालायचा इसरलीस व्हय गं?"

चुलीपुढं बसलेली बयाबाई, त्याची बायको, मागं न वळताच म्हणाली, "इसरले न्हाई. संपलाय. वाणी म्हणतोय, ह्या भावात घ्यायचा तर घ्या, न्हाईतर फडात जाऊन ऊस चोखत बसा."

"लढाई संपून वरीस व्हाय आलं! आजून भाव का उतरंना त्याचा?"

"मी बी त्येच इचारलं. म्हणाला, गूळ येतोय कऱ्हाडवरनं, तुझ्याच नवऱ्याच्या मोटारीच्या टपावर. त्यो लढाईभाडं सोडंना, मग मी भाव कसा सोडू? चार बायांच्या देखत बोलला! माझी मान खाली गेली तुमच्यापायी."

आता हे लढाईभाडं काय प्रकरण, ते आधी सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. हरिबा विट्याहून कऱ्हाडला सर्व्हिस मोटर चालवायचा. लढाई पेटली तसं पेट्रोल कुपनावर गेलं. कुपनाचं पुरेना, आणि काळ्या बाजारातलं घ्यावं तर तूप परवडलं अशी गत! मग मोटारवाल्यांनी गाड्यांच्या मागं कोळशाचे बंब बसवले, पेट्रोलच्या जागी कोळशाच्या गॅसवर गाड्या हाकल्या, आणि बारा आणे भाड्यावर आठ आणे जादा घ्यायला सुरुवात केली. त्याला नाव पडलं लढाईभाडं. लोकांनी दिलं. लढाईच म्हटल्यावर बोलतो कोण? पुढं लढाई संपली. कुपनं वाढली, काळ्या बाजाराची हवा गेली, पेट्रोल उतरलं, गाड्यांवरचे बंबसुद्धा उतरले. उतरलं नाही ते फक्त लढाईभाडं!

"मग मी काय परड्यात पेट्रोल पिकवतोय?" हरिबा ओरडला. "स्टँडवर सगळ्यांचं भाडं एक. मी एकट्यानं उतरवलं तर त्यो कारभारी नाथाजी माझा नंबर काढून घील!"

"मग प्या फिका," बयाबाई म्हणाली, आणि तिनं चूल फुंकायला घेतली.

असा डोकं फिरलेला हरिबा स्टँडवर गेला. दिवसभर तो कुणाशी सरळ बोलला नाही. क्लीनरला शिव्या, हँडलला शिव्या, रस्त्यात आडव्या आलेल्या म्हशीला शिव्या! दुपार कलली, कऱ्हाडची शेवटची फेरी भरत आली, आणि तेवढ्यात दोघीजणी पळत पळत आल्या.

पुढं होती हरणाबाई. धनगराची बाई, पूर्वेकडच्या माळावरच्या वस्तीतली. मागं तिची लेक अंजना, पंधरा वर्षांची, काखेत पुस्तकांचं गाठोडं. दुसऱ्या दिवशी सकाळी कऱ्हाडला तिची सातवीची फायनल होती. मंडळी, वस्तीतली पहिली पोरगी, फायनलला बसणारी! पास झाली तर पुढं मास्तरीण व्हायची. आणि परीक्षा बुडाली तर? तर चुलत्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, मग पुस्तकं चुलीत आणि पोरगी बोहल्यावर. स्थळसुद्धा बघून ठेवलेलं!

हरणाबाईनं पदराची गाठ सोडून दोघींचं भाडं हरिबाच्या हातात ठेवलं. हरिबानं बघितलं आणि हात तसाच पुढं धरला.

"आठ-आठ आणं आजून."

"कशाचं?"

"लढाईभाडं."

हरणाबाई हसलीच! "आरं दादा, लढाई संपली की! आमच्या मालकानं कऱ्हाडाकडनं सांगावा धाडला तवा म्हणला, लढाई संपली म्हंजी लढाईभाडं बी संपलं. तेवढंच बांधून आणलंय बघ. येताना आमी मेंढरांसंगं चालत येणार."

तिचा नवरा धुळा मेंढरं घेऊन कऱ्हाडच्या शिवारात बसला होता. भोळा माणूस! लढाईभाडं म्हणजे लढाई असेपर्यंतचं भाडं, असा सरळ अर्थ त्यानं लावला. चुकलंच त्याचं! शहाण्या माणसांनी असा सरळ अर्थ कधी लावलाय का?

"तुझ्या मालकाला इचारून भाडं ठरतंय व्हय हितं?" हरिबा खेकसला. "पुरं दे, न्हाईतर उतर खाली!"

"पोरीची परीक्षा हाय रं उद्या."

"मग मी काय तिचा मास्तर हाय?"

गाडीत हशा पिकला. पुढच्या बाकावर खिडकीशी दादासो बसले होते. कृष्णाकाठचे बागायतदार, डोक्याला कडक इस्त्रीचा फेटा. ते घड्याळ बघत म्हणाले, "आवं, आठ आण्यापायी किती तमाशा! द्या न्हाईतर उतरा. आमाला उशीर होतुया."

बघा! त्यांच्या खिशातनं पण तेच आठ आणे गेले होते. पण राग कुणाचा आला? जिला देता येत नव्हतं तिचा!

तेवढ्यात मागच्या बाकावरनं बुटांचा आवाज झाला. आकाराम हवालदार उठला. पलटणीतनं नुकताच सुटून गावी आलेला, अंगावर अजून खाकी कोट. त्यानं हरिबासमोर येऊन कमरेवर हात ठेवले.

"हरिबा, एक इचारू?"

"तिकिटाचं बोलायचं तर बसा गुमान, हवालदार."

"लढाईचं बोलतो. ब्रह्मदेशात होतो मी. जपान्यानं हत्यार खाली ठेवलेलं ह्या डोळ्यांनी बघितलंय. जर्मन बी गपगार झाला. मग तुझी लढाई आजून कुणासंगं चाललीया रं? न्हाई, तेवढं सांग. दुश्मन कोण हाय तुझा? ही बाई?"



स्टँडचा कारभारी नाथाजी पानाची पिंक टाकून पुढं आला. त्याच्या स्वतःच्या तीन गाड्या, आणि कुणाची गाडी कितव्या नंबराला सुटणार हे तोच ठरवायचा. त्याला खवळायला एवढं बास होतं.

"हवालदार, पलटणीत तुमाला शिधा सरकारनं दिला. आमाला कोण देतंय? आन् एक धंद्याची गोष्ट ऐका. चढलेलं भाडं उतरवायचं नसतंय! आज उतरवलं आन् उद्या पेट्रोल परत चढलं, तर लोकं भाडं देत्यात का दगुड मारत्यात?"

"आरं, सीजफायर झालं की गोळी टाकायची नसती, नाथाजी! उद्या परत लढाई लागंल म्हणून आजच कुणी गोळ्या घालत सुटत न्हाई!"

"मग काढा की तुमच्या खिशातनं! लय पुळका आलाय तर!"

"काढतो की!" आकारामनं खिशात हात घातला, पण हरणाबाईनं त्याला थांबवलं.

"नगा, दादा. आज तुमी भराल. उद्या माझ्यामागनं दुसरी कोण बाई यील, तिचं कोण भरंल? दर फेरीला एक हवालदार कुटनं आणायचा?"

"आये, घे की गं!" अंजना रडकुंडीला आली. "पेपर बुडंल माझा!"

"न्हाई बुडत. चल, चालत जाऊ. रातभर चाललो तर सकाळी कऱ्हाड गाठतो. मेंढरामागं जल्म गेलाय माझा."

"आये, मी लिवणार कवा मग? झोप यील मला तितं!"

हरणाबाईनं पोरीकडं बघितलं आणि तिचा चेहरा असा काय बदलला म्हणता! इतका वेळ सरळ बोलणारी बाई, ती गर्रकन हरिबाकडं वळली.

"तुला आठवतंय का रं? सुर्लीचा घाट?"

"काय सुर्लीचा घाट?"

"तुझी कोळशाची गाडी चढ चढंना तवा आमाला खाली कोण उतरवत हुतं? ‘उतरा मंडळी, हात लावा,’ कोण म्हणत हुतं? डोक्यावरची पाटी रस्त्याकडंला ठिवून मी ढकलली तुझी गाडी! धुरानं तोंड काळं व्हायचं, खोकून खोकून जीव जायचा. लढाईभाडं बी दिलं आन् गाडी बी ढकलली! तवा आमी म्हणलो का, ढकलल्याचं पैसं काप? न्हाई म्हणलो! म्हणलो, हरिबाची बी अडचण हाय, लढाई हाय, सगळ्यांनी मिळून सोसायचं. आन् आता उतार आला तर तू एकटाच गाडीत बसून चाललास व्हय?"

आणि ते खरं होतं, मंडळी! शंभर टक्के खरं! चढावर इंजिन धापा टाकायचं, हरिबा स्टिअरिंगला लटकून ओरडायचा, "जोर लावा!" आणि मागनं ही माणसं, बाया, म्हातारी, काळ्या तोंडानं जोर लावायची. त्यांच्या खांद्यांवर त्यानं लढाई काढली होती. एकट्याच्या हिमतीवर नव्हे!

पहिला आकाराम खाली उतरला. मग एक भाजीवाली उतरली. मग दोघे शाळामास्तर. "आमी बी चालतो मग," भाजीवाली म्हणाली, "पाय न्हाईत व्हय आमाला?" बघता बघता गाडी रिकामी झाली. दादासो तेवढे खिडकीशी बसून राहिले, फेट्याची इस्त्री सांभाळत.

"जाऊ द्या की!" नाथाजी ओरडला. "हरिबा, रिकामी ने, पर भाडं उतरवू नगस! दोन दिसांत तंगड्या दुखल्या की येत्यात झक मारत!"

हे ऐकलं आणि हरिबाचा संताप उफाळला. सकाळपासनं घरी, हँडलवर, म्हशीवर निघत होता तो संताप. पण ह्या वेळी तो बरोबर ठिकाणी गेला!

"झक मारत? ही माणसं? ह्यांनी ढकलली म्हणून, न्हाईतर माझी गाडी घाटातच सडली आसती! तुझी बी सडली आसती, नाथाजी!" आणि त्यानं दार धाडकन उघडलं. "चढ आक्का! बारा आण्यात चढ! सगळी चढा! संपली लढाई! माझ्यापुरती तर आज संपली!"

"तुझा नंबर बंद! आजपासनं स्टँडवर पाय ठेवायचा न्हाई!"

"नंबर घाल तुझा लोणच्यात!"

काय गलका झाला तेव्हा! सगळे परत चढले, अंजनाला खिडकी दिली, क्लीनरनं हँडल मारला. आणि एवढ्या गोंधळात दादासोंचा आवाज आला, "आन् माझं आठ आणं? ते परत दे आदी!" सगळी गाडी खदखदून हसली. हरिबानं मुकाट्यानं सगळ्यांचे जादा पैसे परत केले, दादासोंचेही. त्यांचेही होतेच ना!

अंजनानं रात्रीची झोप काढून फायनल दिली आणि पास झाली.

हरिबाला मात्र ते स्वस्तात गेलं नाही. स्टँडवर त्याला जागा बंद झाली. एकदा टायर फाडले, एकदा काच फोडली, नाथाजीच्या माणसांनी त्याच्या क्लीनरला बडवलं. तो गावाबाहेर लिंबाच्या झाडाखाली गाडी लावायला लागला. आणि लोक? लोक स्टँड ओलांडून, नाथाजीच्या भरलेल्या शिव्या आणि रिकाम्या गाड्या मागं टाकून, लिंबाखाली चालत जायला लागले! शेवटी नाथाजीनं भाडं उतरवलं. मन बदलून नव्हे, दात खाऊन उतरवलं. पण उतरवलं!

पुढच्या वर्षी कुपनं परत कापली आणि पेट्रोल परत चढलं. नाथाजी म्हणाला होता ना, लोक दगड मारतील? हरिबा गाडीच्या दारात उभा राहिला आणि लोक चढायच्या आधी म्हणाला, "मंडळी, पेट्रोल चढलंय. दोन आणं जादा पडतील. जवा उतरंल तवा उतरवीन."

रांगेत पुढं हरणाबाईच होती. तिनं डोळे बारीक केले.

"कुठली लढाई आता?"

"लढाई न्हाई, आक्का. नुसतं पेट्रोल."

"मग घे की," ती म्हणाली आणि तिनं दोन आणे जादा मोजले. मागच्या एकानंही कुरकूर केली नाही. दगड तर लांबच राहिला!

तेव्हा मंडळी, भाव चढतो तेव्हा मोटारवाल्याचंही रक्त आटतं. ते खोटं नाही, त्याला त्याचं द्या! पण चढाला ज्यांचे खांदे लागले, उताराची सवलत त्यांचीच आहे, ती गिळणाऱ्याला धंदेवाला म्हणायचं नाही, लुटारू म्हणायचं! आणि त्या लुटारूला पोसतं कोण? खिडकीशी बसून "द्या न्हाईतर उतरा" म्हणणारे आपणच. तुमच्या पेठेत, तुमच्या कचेरीत, तुमच्या स्टँडवर संपलेल्या लढाईचं भाडं आजही कोणीतरी घेत असेल. त्याला विचारा, तुझी लढाई कुणाशी चाललीय? आणि तो सांगेना, तर उतरा खाली! सगळे उतरा!