शेवटचा डबा

१९७४ साली नागपूरला सिनेमाचं नुसतं वेड लागलं होतं. टॉकीजा वाढल्या, खेळ वाढले, पण नव्या पिक्चरची प्रिंट यायची एकच. म्हणून बर्डीच्या टॉकीजमध्ये एक रीळ दाखवून झालं, की लहानू ते डब्यात घालून सायकलवरून इतवारीच्या टॉकीजला पळवायचा. तिथला खेळ तासभर मागे चाले. लहानूला उशीर झाला की पडदा पांढरा पडायचा आणि पब्लिक त्याच्या नावानं शंख करायचं.

एरवी तो हसून सोडून देई. आज मात्र त्याची बायको बायजा पहिल्यांदाच इतवारीच्या लेडीज क्लासात बसली होती. तिच्यादेखत शिव्या खायच्या म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण तिनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. मतदारयादीवालासुद्धा शेजारणीला विचारून नाव लिहून गेला होता.

आणि नेमका शेवटचा डबा घेऊन लहानू मारबतीच्या मिरवणुकीत अडकला! तान्ह्या पोळ्याचा दिवस. गावची पीडा नेणारे ते अवाढव्य पुतळे, पुढे ढोल, आणि रस्त्यात मुंगीला वाट नाही. त्यानं सायकल पानठेल्याला टेकवली, डबा डोक्यावर घेतला.

“बाजूले व्हा ना गा!”

“काहून बोंबलून राह्यला?” धोंडबा ढोलवाल्यानं विचारलं.

“पिक्चरचा एन्ड आहे याच्यात! इतवारीत पब्लिक थांबून राह्यली!”

धोंडबाचे हातच थांबले. “अरे बापा! एन्ड अडकला? हटा रे, हटा!”

डबा लहानूच्या डोक्यावरून उचलला गेला आणि माणसांच्या हातांवरून पुढे निघाला. लहानू मागून धावत होता, जीव मुठीत धरून. “सांभाळून गा, सांभाळून!” गर्दीपलीकडे डबा परत त्याच्या हाती आला आणि त्यानं जी धूम ठोकली ती थेट टॉकीजपर्यंत.

सात मिनिटं उशीर झालाच. आत खुर्च्या आपटत होत्या. “लहान्या! कुठं मेला रे?” त्यानं मान खाली घातली आणि डबा घेऊन भर हॉलमधून ऑपरेटरकडे धावला. कुणीतरी त्याला पाहिलं आणि एकदम शिट्ट्यांचा पाऊस पडला.

त्या गोंगाटात लेडीज क्लासातून एक आवाज सगळ्यांच्या वर चढला. बायजा बाकावर उभी होती. पदर कुठल्या कुठे, हात हवेत.

“आला वं! लहानू आला! माहा लहानू आला!”

नजरानजर झाली. तिनं जीभ चावली आणि पदर तोंडावर ओढला.

पडद्यावर जोरदार मारामारी सुरू झाली. लहानूनं त्यातलं काहीच पाहिलं नाही.